मेंढरांच्या वापरासाठी

“सांडूबा, ऑस्ट्रेलियात तुमचं कोण असतं?” कचरू पोस्टमननं सायकल ओट्याला टेकवत विचारलं.

सांडूबा अंगणात एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. “कोणी न्हाई. आपलं लांबात लांब म्हनशील तर सिल्लोडचा साडू.”

“मंग ही बहीण कोण?”

“कोणाची बहीण?”

“तुमची. सरकारनं लिहून पाठवलंय.”

मेंढी सुटून पळाली. चुलीपुढं भाकरी थापत असलेल्या वच्छलाबाईंचा हात थांबला. कचरूनं पत्र उघडून, थोडं वाचून आणि थोडं अंदाजानं, मजकूर सांगितला. पत्र मुंबईहून, कस्टम खात्याचं होतं. सांडूबांच्या नावानं ऑस्ट्रेलियातून एक पेटी आली होती. पाठवणारीचं नाव मार्गारेट पेल्हम. पेटीवर ‘भेट’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली ‘माझ्या भावासाठी’ असंही लिहिलेलं होतं. भेटवस्तूला जेवढ्या किमतीपर्यंत माफी असते तिच्यापेक्षा पेटीची किंमत मात्र जास्त होती. तरी आपलं आणि सदर बाईंचं नातं काय, वस्तू कशासाठी आणली, याचा खुलासा करावा, अशी सरकारची इच्छा होती.

“इतकी वरसं झाली लग्नाला,” वच्छलाबाई तव्याकडं बघत म्हणाल्या, “नणंद हाय म्हून कधी बोलले न्हाईत.”

“आगं, यंत्र आलंय ते,” सांडूबा म्हणाले.

“यंत्र कोण पाठवतं? बहीणच पाठवती ना?”

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. जाफराबादजवळच्या त्या वाडीत पूर्वी घरटी मेंढरं असत. पुढं लोकांनी कापूस धरला, मग सोयाबीन धरलं, आणि कळप म्हणावा असा एकट्या सांडूबांचा उरला. लोकर कातरायला हंगामाला माणसं यायची, तीही हळूहळू यायची बंद झाली. काही म्हातारी झाली, काही जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात लागली. मग सांडूबा स्वतःच कातर धरू लागले, आणि गेल्या हंगामात त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा अडकला तो वळेचना. निम्मी मेंढरं अंगावर लोकर घेऊन उन्हाळ्यात धापा टाकत राहिली. एक चांगली गाभण मेंढी दगावली. तिच्यापाशी सांडूबा बराच वेळ बसून होते, हे वच्छलाबाईंनी पाहिलं होतं.

सांडूबांचा पुतण्या भुजंग जाफराबादला एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि संगणकाचं दुकान चालवत होता. इंटरनेटमधलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं मत होतं, आणि तालुक्यात त्याला खोडून काढणारं कोणी नव्हतं. त्यानं एकदा चुलत्याला दुकानात बसवून पडद्यावर ऑस्ट्रेलियातली एक फिल्म दाखवली. एक लालबुंद गडी मेंढी गुडघ्यात धरतो, हातातलं गुरगुरणारं यंत्र फिरवतो, आणि अंगरखा काढावा तशी सगळी लोकर एकसंध उतरते. मेंढी उठून निघून जाते. कुठं रक्ताचा थेंब नाही.

सांडूबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. “पुन्यांदा दाव,” ते म्हणाले.

भुजंगनं पुन्हा दाखवली. लोडशेडिंगची वेळ होऊन पडदा काळा झाला, तोवर तो दाखवतच होता. अंधारात सांडूबा म्हणाले, “बिलकुल ओरडली न्हाई रे ती.”

तसलं यंत्र भुजंगनं शोधून काढलं. जुन्या वस्तू विकायच्या एका परदेशी संकेतस्थळावर मार्गारेट नावाच्या बाई आपल्या दिवंगत नवऱ्याचं कातरायचं यंत्र विकत होत्या. भाव परवडण्यासारखा होता, आणि खाली लिहिलं होतं की पाठवणावळ लागणार नाही. भुजंगनं पुण्यातल्या मित्राच्या कार्डावरून ते घेतलं. मग त्याला आठवलं की परदेशातून माल आला की कर लागतो, आणि भेट असली तर लागत नाही असं कुठंतरी वाचलंय. त्यानं बाईंना लगेच लिहून टाकलं: माझे चुलते गरीब मेंढपाळ आहेत, त्यांचा अंगठा चालत नाही, कृपया पेटीवर ‘भेट’ लिहा आणि किंमत दहा डॉलर दाखवा, तुम्ही त्यांना बहिणीसारख्या आहात.

बाईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. कुठल्याही सरकारला मी खोटी किंमत सांगणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मात्र अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं, म्हणून भावातले थोडे पैसे परत करते. तेवढा भाग भेटच झाला, तेव्हा ‘भेट’ लिहायला माझी हरकत नाही. आणि मला भाऊ कधी नव्हता, त्यामुळं तेही आनंदानं लिहीन.

भुजंगनं यातलं काही चुलत्याला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, “तात्या, काम झालं. कर गिर काही लागत न्हाई.”

आता पत्र आलं आणि दुपारपर्यंत वाडीभर झालं की सांडूबांची बहीण परदेशात असते आणि तिनं पेटी पाठवलीय. सरपंच इंद्रभान स्वतः चालत आले आणि ताई कधी येणार, म्हणजे ग्रामपंचायतीत सत्कार ठेवता येईल, असं विचारून गेले. शेजारच्या मालनबाईंनी आपल्या जावयाला तिकडं काही काम मिळेल का, हे वच्छलाबाईंना हळूच विचारलं. सांडूबा प्रत्येकाला सांगत होते की असं काही नाही. जितकं ते सांगत, तितकं लोकांना वाटे, काहीतरी आतलं आहे, म्हातारा बोलत नाही.

शेवटी बायका आसराबाईंकडं गेल्या. आसराबाई म्हणजे सांडूबांची आई. वय नव्वदीच्या आसपास, ऐकू कमी यायचं, दिवसभर खांबाला टेकून उन्हात बसायची. तिला किती बाळंतपणं झाली हे तिला स्वतःलाही धड आठवत नव्हतं. जगला एक सांडू.

“आजी, तुमाला पोरगी बी व्हती का?” एकीनं तिच्या कानात ओरडून विचारलं.

आसराबाईनं बराच वेळ विचार केला. “आसंल,” ती म्हणाली. “रझाकाराच्या पळापळीत कोण कुठं गेलं, ध्यानात हाय का.”

यानंतर वाडीत शंकेला जागा उरली नाही.

सांडूबा आणि भुजंग जालन्याहून आगगाडीनं मुंबईला निघाले. वाटेत भुजंगनं कर वाचवायची आपली युक्ती सांगून टाकली आणि चुलत्याकडून पाठ करून घेतलं: मानलेली बहीण म्हणायचं. दर रक्षाबंधनाला फोन येतो म्हणायचं. जास्त विचारलं तर इंग्रजी येत न्हाई म्हणायचं.

“इंग्रजी येत न्हाई तर मंग फोनवर बोलतो कसा?” सांडूबांनी विचारलं.

भुजंगनं फोनचं वाक्य काढून टाकलं.

कचेरीच्या दाराशी सांडूबांनी पायातल्या वहाणा काढल्या. भुजंगनं त्या घालायला लावल्या. आत गेल्यावर त्यांनी पुन्हा काढल्या आणि हातात धरल्या. जाळीच्या पलीकडं जगभरातून आलेल्या पेट्या आणि पोती छतापर्यंत लागली होती. कुठं रबराचा वास, कुठं साबणाचा, कुठं कसलातरी गोड वास. चिनी अक्षरं, अरबी अक्षरं, राण्यांची तिकिटं, पाखरांची तिकिटं. सांडूबा जाळीला धरून उभे राहिले.

“भुजंग, लोकांचं लोकांवर इतकं प्रेम हाय?”

“तात्या, हे समदं इकत घेतलेलं असतं.”

“तरी पन,” सांडूबा म्हणाले.

ज्या बाईंकडं त्यांची पेटी होती त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांचा डबा नुकताच खाऊन झाला होता. त्यांनी पत्र पाहिलं, पेटी मागवली, दोघांच्या समक्ष उघडली. आत यंत्र होतं, आणि ते एका जाड निळ्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं होतं.

“हा स्वेटर यादीत नाही,” मॅडम म्हणाल्या.

भुजंग घाईनं पुढं झाला. “गुंडाळायला आसंल, मॅडम.”

“गुंडाळायला असेल तर वेष्टन. घालायला असेल तर माल. मालाचा कर वेगळा.” त्यांनी स्वेटर उलटा करून पाहिला. दोन्ही कोपरांना भोकं होती, आणि खांद्यावर लोकरीचे बारीक तंतू चिकटलेले होते. क्षणभर त्या तशाच धरून राहिल्या. मग कागदावर ‘वेष्टन’ असं लिहिलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

“या मार्गारेट पेल्हम तुमच्या कोण?”

सांडूबांनी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर आलं होतं. समोर भिंतीवर तिरंगा होता, टेबलावर शिक्का होता, आणि बाईंचे डोळे अगदी सरळ बघत होते.

“कोणी न्हाईत, बाईसाहेब. म्या त्यांला कधी पायलं न्हाई. यंत्र इकत घेतलंय.”

भुजंग वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघू लागला.

“मग ‘भेट’ का लिहिलं?”

“कर वाचंल म्हून.”

मॅडमनी चष्मा काढला. “हे वाक्य या टेबलावर मी पहिल्यांदा ऐकते आहे,” त्या म्हणाल्या. आवाजात राग होता की आणखी काही, हे भुजंगला कळलं नाही. “खोटं लिहिलं म्हणून पेटी जप्त करता येते, माहीत आहे ना?”

“आता झालं माहीत,” सांडूबा म्हणाले. “तुमी म्हनाल तसं.”

मॅडमनी थोडा विचार केला. किंमत बाईंनी खरी लिहिली होती आणि म्हातारा विचारताक्षणी खरं बोलला होता. त्यांनी लाल शाईनं ‘भेट’ हा शब्द खोडला, वर ‘खरेदी’ लिहिलं आणि सही केली. “आता नीट कर लावू. हे वैयक्तिक वापरासाठी आहे की धंद्यासाठी?”

“वैयक्तिक,” भुजंग चटकन म्हणाला.

“म्हणजे तुम्ही स्वतः वापरणार?”

“म्या न्हाई,” सांडूबा म्हणाले. “मेंढरांच्या वापरासाठी.”

“मेंढ्यांच्या वैयक्तिक वापरासाठी,” मॅडम हळू म्हणाल्या आणि त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग शेजारचं एक जाडजूड पुस्तक ओढून घेतलं. “कुठल्या सदरात बसतं ते पाहावं लागेल.”

“हे काय हाय?” सांडूबांनी विचारलं.

“यात जगातल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आहे. क्रमांकावरून कर.”

“परतेक?”

“प्रत्येक.”

सांडूबा खुर्चीत पुढं सरकले. “मेंढरं हायेत का?”

मॅडमनी पान उलटलं. “पहिल्याच प्रकरणात. जिवंत शेळ्या आणि मेंढ्या.”

“दोन्ही एकाच ठिकाणी?”

“एकाच ठिकाणी.”

सांडूबांना ते पटलं नाही, पण त्यांनी सरकारचा मान राखला. “गाढव?”

“आहे. घोड्याशेजारी.”

“दगड-माती? छत्रीची काठी? कोंबडीचं पीस?”

सगळं होतं. मॅडमना काम होतं, तरी त्या पानं उलटत राहिल्या. बहुधा त्यांना कोणी हे कधी विचारलं नव्हतं. माणसाचे कापलेले केस होते. शंभर वर्षांपलीकडच्या जुन्या वस्तू होत्या. अवकाशात जाणारी यानं होती, त्यांनाही क्रमांक होता.

“उद्या आभाळातून यान कोणी इकत आनलं,” सांडूबा म्हणाले, “तर तुमी त्याला बी इथंच बसवणार.”

“बसवावं लागेल. आणि हे क्रमांक फक्त आपले नाहीत. बऱ्याच देशांनी मिळून ठरवलेत. ऑस्ट्रेलियातही मेंढीला हाच क्रमांक.”

सांडूबांनी हात जोडले, मॅडमना नव्हे, पुस्तकाला. निरनिराळ्या देशांची माणसं एका जागी बसतात आणि मेंढीला काय म्हणायचं यावर एकमत करतात, ही गोष्ट त्यांच्या मनात मावत नव्हती. वाडीत पाण्याच्या पाळीवर एकमत होत नव्हतं.

यंत्र केस कापायच्या विजेच्या उपकरणांत बसलं. मॅडमनी हिशेब मांडायला घेतला.

“ही वस्तूची किंमत. यात विमानाचं भाडं मिळवायचं.”

“मॅडम, पाठवणावळ फुकट होती,” भुजंग म्हणाला.

“तुम्हाला फुकट. विमानाला नाही. बाईंनी पेटीवर तिकिटं लावलीत ना? मग विमा.”

“विमा काढलेला न्हाई.”

“नसला तर धरायचा. मग उतरवून घेण्याचा एक टक्का.”

“कोणी उतरवलं?”

“कोणीतरी उतरवलंच असेल. आपोआप तर खाली आलं नाही.”

“बराबर हाय,” सांडूबा म्हणाले. “हमाली द्यायलाच पायजे.”

“इथपर्यंत किंमत झाली,” मॅडम म्हणाल्या. “आता कर सुरू होतो.”

भुजंगनं इथं भिंतीचा आधार घेतला. आधी सीमाशुल्क लागलं. मग किंमत आणि सीमाशुल्क यांच्या बेरजेवर, हे यंत्र भारतात बनलं असतं तर इथल्या कारखान्याला जो कर पडला असता तो लागला.

“पण हे भारतात बनलंच न्हाई,” भुजंग म्हणाला.

“म्हणून तर. नाहीतर इथं बनवणाऱ्यानं काय पाप केलं?”

मग या करांवर आणखी एक छोटा कर आला. सांडूबांनी तो कशाचा म्हणून विचारलं.

“शिक्षणाचा. या पैशांतून प्राथमिक शाळा चालतात. आणि हा त्याच्याखालचा, हायस्कूल आणि कॉलेजचा.”

“म्हंजे माझ्या यंत्रावर पोरं शिकणार?”

“थोडा वाटा त्यात जातो.”

“कोणच्या गावची?”

“देशातली. कुठलीही.”

सांडूबा खाली बघत बसले. “म्या शाळंत गेलो न्हाई,” ते म्हणाले. “मेंढरं घेऊन शाळंवरून जायचो तर मास्तर लांबूनच हाकलायचे. पोरांचं ध्यान उडतं म्हनायचे.” मग त्यांनी मान वर केली. “लिवा, बाईसाहेब. ते कालेजचं बी लिवा.”

शेवटी सगळ्याच्या बेरजेवर विक्रीकराच्या बदल्यातला एक कर लागला, आणि आकडा पुरा झाला. तो ऐकून भुजंगचा चेहरा त्याच्या दुकानातल्या पडद्यासारखा झाला, वीज गेल्यावरच्या. त्यानं मनाशी जे गणित केलं होतं त्यात यातलं एकही पद नव्हतं. सांडूबांनी मात्र कागद दोन्ही हातांनी घेतला. रक्कम जाफराबादच्या पोस्टात भरायची होती, पेटी मागून येणार होती.

रिकाम्या हातानं दोघं परतले तेव्हा वाडीतले लोक फाट्यावर उभे होते. “ताई न्हाई आल्या?” इंद्रभाननं विचारलं. सांडूबांनी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. विकत घेतलं, बहीण-बिहीण कोणी नाही, कर भरायचाय. लोकांनी ऐकून घेतलं आणि ठरवलं की बहिणीशी काहीतरी बिनसलंय.

आठवड्याभरात कचरू पेटी घेऊन आला. सांडूबांनी कर भरला. पेटी कस्टमला दाखवून आणल्याबद्दल पोस्टाचं आणखी काहीतरी वेगळं होतं, तेही त्यांनी न बोलता दिलं. आता एखादा आकार लागला नाही तरच त्यांना चुकल्यासारखं वाटलं असतं. ओट्याभोवती गर्दी जमली होती. पेटीच्या झाकणावर ‘भेट’ या शब्दावर लाल रेघ होती, सही होती, शिक्का होता. खालची ओळ तशीच होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

“काय लिवलंय?” आसराबाईनं खांबापासून विचारलं.

“माझ्या भावासाठी,” कचरूनं मोठ्यानं वाचलं.

“आन ह्यानं मुंबईला काय सांगितलं?”

भुजंगची जीभ घसरली. “तात्या म्हनले, कोणी न्हाई.”

आसराबाईनं लेकाकडं पाहिलं. मग ती भिंतीकडं तोंड करून बसली. “सरकारापुढं बहिणीला न्हाई म्हनून आला,” ती भिंतीला म्हणाली.

“आगं आये, कोण बहीण? म्या इकत घेतलंय.”

“तिनं बराबर सरकारापुढंच लिवलं ना? तिला लाज न्हाई वाटली. तुलाच वाटली.”

त्या दिवसापासून ती सांडूबांशी बोलायची बंद झाली. भाकरी वच्छलाबाईंच्या हातची खायची. लेकानं दिलेलं पाणी तसंच ठेवायची.

यंत्राच्या वायरीच्या पिनेचे पाय तिरके होते, आपल्याकडच्या प्लगात बसेनात. भुजंगनं जाफराबादहून दुसरी पिन आणून बसवली. वीज दुपारी तेवढी यायची, म्हणून सगळी वाडी दुपारची गोळा झाली. सांडूबांनी फिल्ममधल्या गड्यासारखी मेंढी गुडघ्यात धरली. मग यंत्र पोटाखालून बगलेकडं, बगलेकडून पाठीवर गेलं आणि लोकर दुभंगत, आतली पांढरी बाजू दाखवत, गोधडीसारखी जमिनीवर उतरत गेली. अंगठ्याला काही करावंच लागत नव्हतं. मेंढी उठली, अंग झटकलं, आपण इतक्या हलक्या कशा झालो हे न कळून थोडी तिरकी चालली, आणि मग उड्या मारत कळपात गेली. कळपानं तिला ओळखलं नाही.

“आये, बघ,” सांडूबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

आसराबाईनं लोकरीचा तो पांढरा ढीग पाहिला. तिलाही नवल वाटलं, हे लपलं नाही. “कोणाच्या यंत्रानं?” एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

तिढा वच्छलाबाईंनी सोडवला. “आवं, तिनं नवऱ्याचं स्वेटर बी दिलं सोबत,” त्या म्हणाल्या. “बहीण आसो नसो. आपल्याकडून काही जायला पायजे का न्हाई?” पहिल्या लोकरीचं सूत वाडीतल्या सगुणाबाईंनी कातलं. राजूरच्या बाजूच्या विणकरानं काळ्या काठाची घोंगडी विणून दिली. ती घेऊन सांडूबा आणि भुजंग पोस्टात गेले.

“नुसतं ‘कापड’ लिवतो,” कचरू म्हणाला. “जल्दी जाईल.”

“न्हाई. समदं लिव,” सांडूबा म्हणाले. “घोंगडी. मेंढराच्या लोकरीची. हातानं विणलेली. भेट. आन खाली लिव, माझ्या बहिणीसाठी.”

भुजंगनं दुकानात जाऊन, आसराबाईच्या रुसव्यासकट सगळं बाईंना मेलनं कळवलं. मुंबईहून आल्यापासून तो इंटरनेटबद्दल कमीच बोलत असे.

घोंगडी रवाना झाल्याचं आसराबाईला सांगितलं. तिनं मान हलवली, पण बोलली नाही. पोचल्याशिवाय ती मानणार नव्हती.

मार्गारेटबाईंची मेल आली तेव्हा कपाशीत खुरपणी चालू होती. भुजंगनं ती छापून आणली आणि ओट्यावर बसून, एकेक वाक्य मराठी करत, वाचून दाखवली. घोंगडी तिकडच्या सरकारनं अडवली होती. परदेशातून आलेल्या लोकरीतून रोग येतात, म्हणून तिथं लोकरीवर फार कडक नजर असते. त्यांनी ती उलगडून भिंगानं पाहिली, तर तिच्यात एक गोखरू आणि लेंडीचा कण सापडला.

“आरारा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

बाईंना तीन मार्ग दिले होते: घोंगडी जाळायची, परत पाठवायची, किंवा यंत्राखाली घालून किरणांनी शुद्ध करून घ्यायची. शुद्ध करायचा खर्च बाईंनी भरायचा होता. त्यांनी भरला. आता घोंगडी त्यांच्या पलंगावर असते, आणि घरातलं कुत्रं तिच्यावरून उठत नाही.

“म्हंजे तिला बी सरकारानं धरलं,” सांडूबा हळूच म्हणाले. “माझ्यापायी.”

“पुढं आईक, तात्या,” भुजंग म्हणाला, आणि थांबून थांबून वाचू लागला. त्या कचेरीत एक तरुण अधिकारी होता, फार करड्या चेहऱ्याचा. त्यानं विचारलं, पेटीवर ‘बहिणीसाठी’ असं लिहिलंय, हे गृहस्थ तुमचे कोण? बाईंनी लिहिलं होतं: मी तुमच्या बाजूनं बोलायचं ठरवून गेले होते. पण त्यानं नुसतं पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मी यांना कधी पाहिलेलं नाही, मी यांना एक यंत्र विकलं. घरी आल्यापासून मला बरं वाटत नाही. तुमच्या आईंना सांगा की मला माफ करा.

भुजंगनं कागद खाली ठेवला. सांडूबा हातातल्या वैरणीच्या काडीकडं बघत होते. आता सासू काय म्हणेल, या भीतीनं वच्छलाबाई पदर सावरत बसल्या.

आसराबाईला सगळं नीट ऐकू आलं नव्हतं. तिनं भुजंगला शेवटचं पुन्हा सांगायला लावलं. कानाशी तोंड नेऊन त्यानं ते सांगितलं. म्हातारीनं ऐकलं, आणि कितीतरी दिवसांनी ती भिंतीकडून वळून लेकाच्या बाजूला सरकली.

“दोघं बी सारखेच,” ती म्हणाली. “सायब दिसला का घरचं समदं सांगून मोकळे.” तिचे दात नसलेले ओठ हसण्यानं हलायला लागले. “मंग माझीच हाय ती.”